शाळेच्या आवारातील वाघूळ

शाळेच्या आवारात अशोकाचे किंवा पेरूचे झाड असल्यास त्याखाली सकाळी फळांचे चघळलेले चोथे व भिंतीवर डाग आढळतात. एका शाळेस भेट दिली असता मुले अशाच झाडावर दगड मारीत असलेली दिसली. कारण विचारता, ‘वाघूळ अपशकुनी असते, गुरुजी,’ असे उत्तर मिळाले. हा समज मुले घरून घेऊन येतात; तो दूर करणे हे शाळेचे काम आहे. त्यास साहाय्य व्हावे म्हणून ही माहिती देत आहे.

आपल्याकडे सर्वत्र आढळणारे लहान फळखाऊ वाघूळ आखूड नाकाचे असते. शास्त्रात त्यास ‘सायनॉप्टेरस स्फिंक्स’ म्हणतात. त्याचे वजन सुमारे ४५ ग्रॅम भरते. कानांच्या कडा पांढुरक्या असतात. प्रौढ नराच्या मानेभोवती तांबूस-नारिंगी पट्टा असतो. तो पक्षी नव्हे, तर पिलास दूध पाजणारा सस्तन प्राणी होय. कीटकभक्षी वाघळे स्वतःच्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून मार्ग काढतात. हे वाघूळ मात्र मुख्यतः दृष्टीवर व वासावर विसंबते.

पिकलेले फळ तोडून ते तेथेच खात नाही; तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेते. तेथे गर चावून रस गिळते व चोथा टाकून देते. अशोकासारख्या फळांची मोठी बी त्या झाडाखाली पडते. वड, उंबर यांच्या बारीक बिया पोटात जातात आणि अल्पावधीत विष्ठेबरोबर दूरवर पडतात. अशा रीतीने उजाड जागी व पडक्या भिंतींवर नवी रोपे उगवतात. ज्या वडाच्या सावलीत आपण वर्ग भरवितो, त्याचे बीजही कदाचित असेच आले असेल.

याचे निवासस्थानही कौतुकास्पद आहे. भेर्ली माडाच्या लोंबत्या फळांच्या घोसातील मधल्या लडी नर कुरतडून काढतो व आत घंटेसारखी पोकळी करतो. त्या आश्रयाला अनेक माद्या येतात. अशा आश्रयस्थानांचा अभ्यास १९९० च्या दशकात पुण्यात झालेला आहे. मादीस वर्षातून दोन वेळा, परंतु प्रत्येक खेपेस एकच पिलू होते. म्हणून मारलेल्या वाघळांची उणीव लवकर भरून निघत नाही.

बागाईतदाराचे पेरू, चिकू यांचे नुकसान होते, हे नाकारता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात फळखाऊ वाघळांची गणना उपद्रवी प्राण्यांत केलेली होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच वगळण्यात आली. फळझाडावर जाळी घालणे हा दगडापेक्षा उचित उपाय होय. मात्र जाळी ताणून बसवावी, म्हणजे प्राणी तीत अडकणार नाही.

एक दक्षता अवश्य घ्यावी. २०१८ साली केरळात निपाह रोगाची साथ आली. त्या विषाणूचा मुख्य आश्रय मोठ्या जातीचे फळखाऊ वाघूळ हा आहे. तथापि कोणतेही वाघूळ, जिवंत वा मृत, हाताळू नये. उष्टे फळ खाऊ नये. फळे धुऊन खावीत, हे मुलांच्या मनावर बिंबवावे. ही सावधगिरी म्हणजे द्वेष नव्हे, हेही सांगावे.

निसर्गपाठासाठी सायंकाळी झाडाखाली जुने वर्तमानपत्र अंथरावे. सकाळी शिक्षकांनी लांब काडीने चोथे व बिया वेगळ्या कराव्यात. मुलांनी दुरून पाहून बियांची संख्या व प्रकार वहीत नोंदवावेत. नंतर तो कागद शिक्षकांनीच पुरून टाकावा व हात साबणाने धुवावेत. महिनाभराच्या नोंदींवरून कोणत्या ऋतूत कोणते फळ पिकते, हे मुलांना आपोआप उमगेल. या नोंदी केंद्र संमेलनात अवश्य मांडाव्यात. ज्या हातांत दगड होते, त्यांत लेखणी आली, तर हा पाठ सफल झाला असे समजावे.