विश्लेषण : गाडीला रुंद रिम बसवताय? आधी ‘ऑफसेट’चे गणित करा!

अलॉय व्हील घ्यायला गेले की पहिली चर्चा होते इंचांची आणि दुसरी डिझाइनची. रिमच्या मागच्या बाजूला ‘ईटी’ या अक्षरांपुढे असलेला आकडा फारसे कोणी पाहत नाही. पण रुंद रिम आत शॉकअब्सॉर्बरला घासणार की बाहेर मडगार्डला, हे बऱ्याच अंशी त्याच आकड्यावर ठरते. हे गणित दोन ओळींचे आहे आणि पैसे देण्याआधी करता येते.

ऑफसेट म्हणजे काय?

रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेषा आहे असे समजा. रिमचा जो सपाट भाग गाडीच्या हबवर टेकतो, तो या मध्यरेषेपासून जितके मिलिमीटर दूर, तितका ऑफसेट. हा भाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन, आतल्या बाजूला असेल तर ऋण. ‘ईटी’ हे ‘आइनप्रेसटीफे’ या जर्मन शब्दाचे लघुरूप आहे. लक्षात ठेवायचे ते एवढेच : ईटी वाढला की चाक आत सरकते, कमी झाला की बाहेर येते.

गणित कसे करायचे?

रिमची रुंदी इंचांत असते. तिला २५.४ ने गुणून मिलिमीटर काढा आणि निम्मे करा. मग :

- हबपासून आतली कड = निम्मी रुंदी + ईटी
- हबपासून बाहेरची कड = निम्मी रुंदी − ईटी

उदाहरण घेऊ. मूळ रिम ६ इंच, ईटी ४५. निम्मी रुंदी ७६.२ मिमी. म्हणजे आतली कड १२१.२ आणि बाहेरची ३१.२ मिमीवर. नवा रिम ७ इंच, ईटी ४०. निम्मी रुंदी ८८.९ मिमी. आता आतली कड १२८.९ आणि बाहेरची ४८.९ मिमीवर. थोडक्यात, नवे चाक आत ७.७ मिमी आणि बाहेर १७.७ मिमी जास्त जागा घेणार.

ईटी ४५ तसाच ठेवला तर?

मग वाढलेला एक इंच दोन्हीकडे सारखा वाटला जातो, १२.७ मिमी आत आणि तितकाच बाहेर. ‘ईटी तोच आहे, मग काळजी नाही’ हा समज इथेच फसतो. आतली जागा जशीच्या तशी हवी असेल, तर ईटी ३२.३ लागेल, पण मग चाक बाहेर तब्बल २५.४ मिमी येईल.

टायरचे काय?

टायर रिमपेक्षा फुगीर असतो, म्हणून हेच गणित टायरच्या रुंदीवरही करा. १८५ ऐवजी २०५ चा टायर घेतला, तर वरच्या उदाहरणात तो आत ५ आणि बाहेर १५ मिमी सरकतो. रिम आणि टायर यांपैकी ज्याचा आकडा मोठा, तो धरा.

गाडीत जागा किती आहे?

जुने चाक बसलेले असतानाच मोजा. आतल्या बाजूला चाक आणि शॉकअब्सॉर्बर यांतील फट पाहा. पुढे स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा, मागे चार माणसे बसवून. रिकाम्या गाडीत न घासणारे चाक भरल्या गाडीत खड्ड्यात घासू शकते. सतत घासून टायरची बाजू कापली गेली, तर वेगात टायर फुटण्याचा धोका असतो. चाक फार बाहेर आले तर बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि खराब रस्त्यावर स्टेअरिंग ओढू लागते.

ऑफसेट जुळला की झाले?

नाही. बोल्टच्या छिद्रांचे वर्तुळ म्हणजे पीसीडी, मधल्या छिद्राचा व्यास आणि ब्रेक कॅलिपरसाठीची जागा हेही जुळायला हवे. स्पेसर लावणार असाल तर त्याची जाडी ईटीमधून वजा करा. ईटी ४० वर ५ मिमीचा स्पेसर म्हणजे ईटी ३५. स्पेसरमुळे बोल्टचे आटे कमी पकडतात, हेही विसरू नका.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत ठरतील असे बदल करता येत नाहीत. त्यामुळे त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीनेच दिलेला रिमचा आकार निवडणे सर्वांत सुरक्षित. बदल केल्यास विमा कंपनीला लेखी कळवा.