लोखंडी गार्ड आणि रस्त्यावरची गुरे

मासळी आणि आंबा हे रत्नागिरीचे दोन्ही माल नाशवंत, त्यामुळे त्यांच्या बऱ्याच गाड्या रात्रीच्या निघतात. मिरकरवाडा बंदरावरची मासळी असो, की मिरजोळे एमआयडीसीतल्या गद्रे मरीनसारख्या कारखान्यातून निघणारा गोठवलेला माल असो, गाडी हातखंब्याला येते. तिथून ती मुंबई–गोवा महामार्गाला लागते, नाहीतर मिऱ्या–नागपूर महामार्गाने पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढते. याच रस्त्यांवर रात्री गुरे बसलेली असतात. पावसाळ्यात हमखास, कारण आजूबाजूला सगळीकडे चिखल, ओले गवत आणि माश्या-डास. कोरडी, उंच आणि थोडी उबदार जागा म्हणजे रस्ताच. म्हणून नवी गाडी पासिंग होऊन आली की अनेक मालक फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जाऊन पुढे लोखंडी गार्ड मारून घेतात. जनावर आडवे आले तर गाडी आणि ड्रायव्हर वाचावा, एवढाच त्यामागचा साधा हिशेब. हा गार्ड नेमके काय वाचवतो ते मात्र नीट तपासले जात नाही. माझ्या मते तो रेडिएटर वाचवतो, दिवे वाचवतो, एखाद्या रात्रीचा खोळंबा आणि नुकसान वाचवतो. माणूस वाचवण्याचे श्रेय त्याला दिले जाते ते पुराव्यावर टिकत नाही, आणि लहान गाड्यांवर तर तो माणसाच्या जिवावर उठू शकतो.

आधी ही वस्तू जवळून पाहू. पिकअपचा गार्ड बहुधा दोन इंची एमएस पाइपचा असतो. मध्यम जाडीचा हा पाइप मीटरला साधारण 5 किलो भरतो. दोन आडव्या दांड्या, दोन उभे खांब आणि दिव्यांभोवतीचे वळण मिळून सात-एक मीटर पाइप लागला, तर 35 किलो वजन झाले. ट्रकचा बंपर पत्र्याचा. 5 मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला सुमारे 39 किलो असतो, म्हणजे अडीच मीटर रुंद आणि वळणे धरून 60 सेंटिमीटर उंच बंपर साठ किलोच्या आसपास जातो. वर चॅनेल, हुक आणि जाळी धरली की आणखी भर. काम करणारे हात कसबी असतात यात शंका नाही. माप काढणे, कटिंग, बेंडिंग, आधी टॅक मारून गाडीला लावून बघणे, मग पूर्ण वेल्डिंग, ग्राइंडरने शिवण साफ करणे, रेड ऑक्साइड, वर काळा रंग आणि शेवटी रेडियमची पट्टी. बाहेरून पाहणाऱ्याला पाइपची जाडी दिसते आणि तिच्यावरूनच मजबुतीचा अंदाज बांधला जातो. खरी परीक्षा मात्र पाइपची नसते, ती चेसीसला धरणाऱ्या ब्रॅकेटची असते. पुढे लोंबणारे 35 किलो वजन खड्ड्याखड्ड्यावर हिसका देते, आणि तो सगळा हिसका चार बोल्ट आणि वेल्डिंगच्या कडेवर येतो. तड जाते ती या कडेला, शिवणीच्या अगदी शेजारी, रंगाखाली. त्यात रत्नागिरीची खारी हवा. पाइपला भोक राहिले तर पाणी आत जाते आणि पाइप आतून गंजतो. वरचा रंग चकचकीत असतो तोवर कोणाला पत्ता लागत नाही. असा गार्ड धडकेच्या वेळी वाकण्याऐवजी ब्रॅकेटसकट उखडतो आणि चाकाखाली येतो. जे काम सगळ्यात महत्त्वाचे, तेच गिऱ्हाईक कधी वाकून बघत नाही.

आता धडकेचा हिशेब करू. तो शाळेतल्या गणितापलीकडचा नाही. कोकणातली देशी गाय लहान चणीची. कोकण कपिला ही नोंदलेली जात तशीच आहे. गायीचे वजन 250 किलो धरू. भरलेला ट्रक 16 टनांचा आणि वेग ताशी 60 किलोमीटर असेल, तर जनावर आदळून गाडीबरोबर ढकलले गेले तरी ट्रकचा वेग एका किलोमीटरपेक्षाही कमीच उतरतो. तीन टनांच्या पिकअपचा साडेचार किलोमीटरने उतरतो. पूर्ण वाढलेला 900 किलोचा गवा घेतला, तर ट्रकचा वेग तीनेक किलोमीटरने आणि पिकअपचा जवळजवळ 14 किलोमीटरने कमी होतो. म्हणजे गायीच्या धडकेत ट्रकच्या ड्रायव्हरला बसणारा झटका ब्रेक दाबल्यावर बसतो त्याहून मोठा नाही. केबिनचा सपाट तोंडवळा उंच असतो आणि गायीचे अंग काचेच्या खालीच राहते. तेव्हा गार्डने ड्रायव्हरचा जीव वाचवला असे म्हणायचे, तर त्या धडकेत जीव जाण्याचे कारण काय होते ते सांगावे लागेल. जनावरांच्या अपघातात माणसे दगावण्याचे मार्ग मुख्यतः तीन. एक, मोटारीसारख्या बुटक्या गाडीचा बंपर उंच जनावराच्या पायांना लागतो, पाय निघून जातात आणि धड बॉनेटवरून थेट काचेत येते. स्वीडनमध्ये मूसच्या धडकेसाठी मूसच्या मापाचे पुतळे करून मोटारींच्या काचा आणि टपाचे खांब तपासतात ते याच कारणाने. दोन, ड्रायव्हर जनावराला चुकवायला स्टीअरिंग झटक्यात फिरवतो. भरलेल्या ट्रकचा गुरुत्वमध्य उंच असल्याने तो कलंडतो, किंवा समोरच्या गाडीवर जातो. तीन, दुचाकीस्वार अंधारात जनावरावर आदळतो. या तिन्हींपैकी एकातही ट्रकपुढचे लोखंड उपयोगी पडत नाही.

उपयोगी पडतो तो कमी वेग. ड्रायव्हरला जनावर दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरू, आणि ओल्या रस्त्यावर भरलेल्या ट्रकचा ब्रेक सेकंदाला तीन मीटर प्रतिसेकंद या दराने वेग उतरवतो असे मानू. ताशी 60 ला पूर्ण थांबायला सुमारे 71 मीटर लागतात. ताशी 40 ला 37 मीटर. खालच्या बीममध्ये, पावसात, काळ्या डांबरावर बसलेली काळी म्हैस पन्नास मीटरच्या आतच कळेल, हा अंदाज कोणत्याही ड्रायव्हरला पटेल. म्हणजे 40 ला गाडी जनावराच्या अलीकडे थांबते आणि 60 ला ती दिसायच्या आधीच अपघात ठरलेला असतो. वीस किलोमीटरच्या या फरकाशी तुलना होईल असा एकही पाइप बाजारात नाही. उलट, गार्डची आडवी दांडी पुष्कळदा हेडलाइटच्या समोर येते आणि आहे तो उजेडही कापते. गार्ड लावल्यामुळे मन थोडे निर्धास्त होऊन पाय ॲक्सिलरेटरवर जास्त बसतो का, याचे मोजमाप माझ्याकडे नाही, म्हणून ते मी पुरावा म्हणून मांडत नाही. उजेडाचा आणि अंतराचा हिशेब पुरेसा आहे.

यावर ट्रकवाल्यांचा एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. गाय धडकली, ड्रायव्हरला काही झाले नाही, पण रेडिएटर फुटला. पाणी गेले की इंजिन तापते, गाडी घाटात उभी राहते, मोबाइलला रेंज नसते, आणि मागे बर्फातली मासळी. पहाटेपर्यंत मेकॅनिक आला नाही, तर माल गेला, भाडे गेले, आणि वळणावर अंधारात उभा असलेला ट्रक हा स्वतःच पुढच्या अपघाताचे कारण. दुरुस्तीच्या खर्चापेक्षा ती उभी गाडी जास्त घातक. हे म्हणणे मी मान्य करतो. गार्डची जी काही खरी किंमत आहे ती इथे आहे. पण या कामासाठी गाडीपुढे हातभर लोखंड काढण्याची गरज नसते. रेडिएटरच्या पुढे, कंपनीच्या मूळ बंपरच्या आत बसणारी मजबूत जाळी बरेचसे तेच काम करते आणि गाडीच्या मापाबाहेर काही येत नाही. दुसरा आक्षेप असा, की ट्रकना कंपनीकडूनही लोखंडी बंपर येतो, मग शेडमधल्या लोखंडाने काय बिघडते? फरक धातूत नाही, तपासणीत आहे. कंपनीचा बंपर, त्याचे ब्रॅकेट, केबिनचे मागे सरकणे आणि ड्रायव्हरच्या पायांपाशी उरणारी जागा हे एकत्र तपासलेले असते. शेडमध्ये बनवलेला बंपर कोणीही धडकवून पाहिलेला नसतो.

पिकअप आणि मोटारगाड्यांच्या बाबतीत मात्र मी एवढीही सूट देणार नाही. या गाड्यांचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळण्यासाठी केलेला असतो. तो चुरगळताना वेळ मिळतो आणि त्या वेळात छातीवरचा झटका कमी होतो. चेसीसला थेट पकडलेला कडक पाइप हा वेळच खाऊन टाकतो. एअरबॅग असेल तर तिचे सेन्सर वेग किती झपाट्याने उतरतो ते वाचतात, आणि ती मोजणी मूळ गाडीवर बेतलेली असते. भारतात 1 जुलै 2019 पासून ड्रायव्हरसाठीची एअरबॅग नव्या मोटारींना सक्तीची झाली; त्या गाडीवर गार्ड मारणे म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या संरक्षणात ढवळाढवळ करणे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र लिहून हे गार्ड मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 विरुद्ध असल्याचे कळवले आणि कारवाई करायला सांगितले. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ मध्ये नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ऑस्ट्रेलियात सर्रास गार्ड चालतात, मग आपल्याकडे का नाहीत, असे विचारले जाते. कांगारूंच्या त्या देशात गार्डसाठी 2002 पासून स्वतंत्र मानक आहे आणि नव्या गाडीवरचा गार्ड एअरबॅगशी जुळणारा असावा लागतो. तिथे परवानगी आहे ती तपासलेल्या गार्डला.

आणखी एक गोष्ट गार्डच्या चर्चेत येतच नाही. रस्त्यावर गाडीसमोर सगळ्यात जास्त कोण येते? 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली. त्यांतले 74,897 दुचाकीवरचे होते आणि 32,825 पायी चालणारे. ही आकडेवारी गार्डमुळे मेलेल्यांची नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण गायीसाठी म्हणून लावलेला पाइप वर्षाचे बाराही महिने शाळेच्या मुलांसमोर, बाजारातून परतणाऱ्या बाईसमोर आणि स्कूटरवाल्यासमोर फिरत असतो. पत्रा दबतो, पाइप मांडीचे हाड मोडतो, आणि लहान मूल असेल तर पाइपची उंची नेमकी डोक्याशी येते. युरोपने 2005 मध्ये या गार्डसाठी पादचाऱ्यांच्या बाजूने तपासणी आणली ती याच कारणाने.

जनावर रस्त्यावर येऊ नये हाच उपाय, असे म्हटले की लोक तो कागदी समजतात. रेल्वेने तो प्रत्यक्षात आणला आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबईहून गांधीनगरला जाणारी वंदे भारत अहमदाबादजवळ म्हशींना धडकली आणि तिचे पुढचे नाक फुटले. ते फायबरचे असते आणि बदलता येण्यासाठीच केलेले असते. रेल्वेने नाक लोखंडाचे केले नाही. मुंबई–अहमदाबाद मार्गाला धातूचे कुंपण घातले. विदर्भात पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर महाराष्ट्राच्या हद्दीत वन्यप्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग केले, त्यांतला सर्वांत मोठा 750 मीटरचा, आणि त्यांतून वाघ जातानाची छायाचित्रे भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी टिपली. आंबा घाटाच्या उत्तरेला चांदोली आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. गवे आणि बिबटे त्या बाजूने रस्ता ओलांडतात. तिथे हाच विचार लागू होतो. पाळीव गुरांचे प्रकरण याहून सोपे असायला हवे, कारण त्यांना मालक आहे. कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला त्याचीच नोंद सांगतो. कोंडवाड्याची तरतूद 1871 च्या कायद्यापासून आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरची मोकाट गुरे हटवून निवाऱ्यात नेण्याचे आणि गस्ती पथके नेमण्याचे आदेश दिले. अडचण खरी आहे: भातशेतीत पॉवर टिलर आल्यावर बैल बसून राहिला, भाकड जनावराला चारा घालणे परवडत नाही आणि 2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर बैल कत्तलीसाठी विकायचीही वाट बंद झाली. त्यामुळे नुसता दंड लावून गुरे गोठ्यात जाणार नाहीत. गोठा आणि वैरण यांचा खर्च कोणीतरी उचलावा लागेल. पण तो खर्च ट्रकमालक आजही देतोच आहे, फक्त पाइपच्या रूपाने आणि चुकीच्या जागी.

मिरजोळ्यातल्या किंवा कुठल्याही एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनच्या शेडने गार्ड बंद केला तर काम बुडेल, हा शेवटचा आक्षेप. मला तो मान्य नाही. ट्रकच्या मागच्या गार्डसाठी आणि बाजूच्या गार्डसाठी भारतीय मानके आहेत: मागचा आयएस 14812, बाजूचा आयएस 14682. मागच्या गार्डची खालची कड जमिनीपासून 550 मिलिमीटरपेक्षा उंच नसावी लागते, कारण मागून आलेली मोटार किंवा दुचाकी त्याखाली घुसली की काच आणि डोके एकाच वेळी ट्रकच्या फाळक्याला लागते. रस्त्यावरच्या कितीतरी जुन्या गाड्यांचा हा गार्ड वाकलेला, वर बांधलेला किंवा काढून टाकलेला असतो. तो मापाने करणे, ब्रॅकेट नीट बसवणे, बाजूच्या पट्ट्या लावणे, मूळ बंपरच्या आतली रेडिएटरची जाळी करणे, रेडियम पूर्ण रुंदीला लावणे. या सगळ्याला तेच चॅनेल, तोच ग्राइंडर आणि तेच कसब लागते. गिऱ्हाइकाने पुढचा गार्ड मागितला, तर आधी त्याला गाडीच्या मागे घेऊन जाऊन टेपने ते 550 मिलिमीटर मोजून दाखवावेत.