पुडीमागची वाट

वस्तू विकत घेणे ही आपणांस फार साधी गोष्ट वाटते. दुकानदाराच्या हाती पैसे ठेवले, पुडी घेतली, की व्यवहार संपला. परंतु त्या पुडीच्या मागे एक लांबलचक वाट असते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील मुलांस कांद्याचे उदाहरण सहज पटेल. खरिपाचा लाल कांदा टिकाऊ नसतो. बाजार आठ-दहा दिवस बंद राहिला, तर तो सडू लागतो आणि शेतकऱ्याच्या घरचा हिशेब कोलमडतो. आता अशी कल्पना करा, की बाजार कधी बंद पडेल आणि कधी उघडेल, हे वर्षानुवर्षे कोणालाच सांगता येत नाही. सफरचंदांनी भरलेल्या गाड्या महामार्गावर अडकून पडल्या आहेत आणि शाळेची घंटा महिनोन् महिने वाजलेली नाही.

काश्मीरच्या खोऱ्याने असे दिवस पाहिले आहेत. १९८९ च्या सुमारास तेथे सशस्त्र हिंसाचार भडकला. पुढील काळात हजारो माणसे प्राणास मुकली; काश्मिरी पंडितांची असंख्य कुटुंबे घरदार सोडून निघून गेली. अनेक मुले पोरकी झाली. काही स्त्रियांचे पती नाहीसे झाले. ते जिवंत आहेत की नाहीत, हेही त्यांना कळेना. अशा स्त्रियांस तेथे ‘अर्धविधवा’ म्हणतात. या एका शब्दात केवढे दुःख साठले आहे!

आपल्या जिल्ह्यातील श्रीगोंदे भागाचे अधिक कदम हे १९९७ साली पुण्यात विद्यार्थी असताना काश्मीरला गेले. तेथील पोरक्या मुलांची दशा पाहून ते पुनःपुन्हा तेथे जात राहिले. पुढे २००२ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन’ ही संस्था उभी केली आणि सरहद्दीलगतच्या कुपवाडा जिल्ह्यात मोजक्या अनाथ मुलींसाठी घर सुरू केले. त्याचे नाव ‘बसेरा-ए-तबस्सुम’, म्हणजे स्मितहास्याचे घर. दूरच्या मुलुखातून आलेल्या या मराठी तरुणाचा हेतू काय, असा संशय प्रारंभी अनेकांस आला. अतिरेक्यांनी त्यांना पकडूनही नेले. विश्वास बसावयास वेळ लागला, पण तो बसला. पुढे अशी आणखी घरे उघडली.

मुलीला आसरा दिला, शिक्षण दिले. परंतु ती मोठी झाल्यावर काय? येथे खरेदीचा प्रश्न येतो. देणगी आज येते, उद्या आटते. शिवण-टिपण, भरतकाम, विणकाम यांतून मिळालेली मजुरी मात्र मनुष्यास ताठ मानेने उभे करते. म्हणून मुलींना व स्त्रियांना हाताचे काम शिकवून त्यांच्या वस्तू विकण्याचे प्रयत्नही तेथे झाले. ज्याच्या हाताला काम आहे, त्याच्याजवळ शांतता टिकविण्याचे एक कारण असते, कारण बाजार बंद पडला तर पहिला तोटा त्याचाच होतो.

मग घ्यावे तरी काय? पाडव्याच्या श्रीखंडात पडणारे केशर पाहा. श्रीनगरजवळच्या पांपोर परिसरात ऑक्टोबरच्या अखेरीस जांभळी फुले उमलतात. ती पहाटे खुडून आणतात आणि घरातील बायका-मुले प्रत्येक फुलातील तीन तांबडे तंतू हलक्या हाताने निवडतात. एक ग्रॅम केशरासाठी सुमारे दीडशे फुले लागतात! म्हणजे लहानशी डबी घेणारा कितीतरी बोटांची मजुरी देतो.

पश्मिना शालीची कथाही अशीच आहे. लडाखमधील चांगथांगच्या थंडगार पठारावर राहणाऱ्या बकऱ्यांची मऊ लोकर वसंतात विंचरून काढतात. काश्मिरी स्त्रिया ती ‘यिंदर’ नावाच्या चरख्यावर घरोघरी कातीत असत. कित्येक विधवांचा संसार या चरख्यावर चालला. यंत्रावर कातलेले स्वस्त सूत आले आणि हे चरखे थांबू लागले. काश्मिरी पश्मिन्यास २००८ मध्ये आणि तेथील केशरास २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, जसे आपल्या पैठणीला मिळालेले आहे. हाताने कातलेल्या व विणलेल्या खऱ्या पश्मिन्याची तपासणी करून त्यावर क्रमांकाची खूणचिठ्ठी लावतात. शाल महाग असते, ती प्रत्येकास परवडणार नाही. पण पाव किलो अक्रोड परवडतील. अक्रोडाची झाडे फार उंच असतात आणि ते झोडताना पडून दर वर्षी माणसे जायबंदी होतात, एवढे ते फोडताना ध्यानात असावे.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ अतिरेक्यांनी २६ निरपराध माणसांना ठार केले. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. प्रवाशांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही त्यात बळी पडला. तेव्हा, काश्मीरचे काहीच घेऊ नका, असे काही लोक संतापाने म्हणाले. संताप स्वाभाविक होता; पण बंदूक चालविणारा आणि चरखा चालविणारी यांना एकाच मापाने मोजणे न्यायाचे नव्हे. त्या हल्ल्यानंतर प्रवासी येईनासे झाले आणि घोडेवाले, नावाडी, शालविक्रेते रिकामे बसले.

अर्थात, खरेदीने युद्धे थांबत नाहीत. राज्यकर्त्यांचे काम राज्यकर्त्यांनीच केले पाहिजे. दयेपोटी वाटेल ती वस्तू घेणेही बरे नव्हे. काश्मीरच्या नावावर यंत्रमागाची शाल आणि रंगविलेले तंतू सर्रास विकले जातात, आणि अशा विक्रीचा पैसा त्या चरख्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून पारख हवी. केशराचे दोन तंतू कोमट पाण्यात टाकून पाहा. पाणी तत्काळ लालभडक झाले, तर ते बनावट समजावे. खरे केशर हळूहळू सोनेरी रंग सोडते आणि तंतू बराच वेळ तांबडाच राहतो.