निरोपाआधी दोन शब्द

१७ मार्च २०२२ रोजी ब्रिटनमधल्या 'पी अँड ओ फेरीज' या कंपनीने आपल्या बोटी बंदरात थांबवल्या आणि खलाशांना एक चित्रफीत दाखवली. आधीच मुद्रित करून ठेवलेली, जेमतेम तीन मिनिटांची. तिचे सार एवढेच, की तुमच्या जागी आता ठेकेदाराची माणसे येतील; आज तुमचा नोकरीचा शेवटचा दिवस. एका फटक्यात ७८६ माणसे घरी गेली. त्यांना बोटीवरून उतरवायला सुरक्षारक्षकही आणून ठेवले होते.

कंपनी तोट्यात होती. करोनाच्या काळात प्रवासी आटले होते. तोट्यातल्या धंद्याला कधीकधी माणसे कमी करावी लागतात, हे आयुष्यभर ताळेबंद वाचलेला माझ्यासारखा माणूस नाकारणार नाही. प्रश्न आहे तो रीतीचा. ब्रिटनच्या १९९२ च्या कायद्यानुसार एका आस्थापनेतून वीस किंवा अधिक माणसे कमी करायची असतील, तर आधी कामगारांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत करावी लागते. संख्या शंभर किंवा त्याहून अधिक असेल, तर ती किमान ४५ दिवस आधी सुरू व्हावी लागते. कपात टाळता येईल का, संख्या घटवता येईल का, झळ कमी कशी करता येईल, यांवर तोडगा काढण्याच्या हेतूने बोलायचे असते. नुसती वर्दी देऊन भागत नाही.

२४ मार्चला कंपनीचे प्रमुख पीटर हेबलथ्वेट यांना संसदीय समितीने बोलावले. सल्लामसलत बंधनकारक होती आणि आम्ही ती जाणूनबुजून टाळली, असे त्यांनी तिथे कबूल केले. कारण काय, तर कोणतीही संघटना हे मान्य करणार नव्हती! नव्या खलाशांचे सरासरी वेतन ताशी साडेपाच पौंड, हेही त्यांनीच सांगितले. ब्रिटनमधले किमान वेतन तेव्हा ८.९१ पौंड होते. पण बोटींवर परदेशी ध्वज, त्यामुळे तो नियम लागू नव्हता. काढलेल्यांना भरपाई देऊ केली गेली, जवळजवळ सगळ्यांनी ती घेतली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फौजदारी कारवाई होणार नसल्याचे जाहीर झाले. कायदा मोडण्याची किंमतही खर्चाची एक बाब म्हणून खात्यावर टाकता येते, ती अशी.

आपल्याकडे काय होते? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपातीसाठी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, अशी तरतूद होती. शेवटी आला तो आधी जाणार, हा दंडकही होता. शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला सरकारची पूर्वपरवानगी लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती मर्यादा तीनशेवर नेली. यात पैसा आहे, परवानगी आहे. माणसाला समोर बसवून बोलण्यावर मात भर नाही. आणि व्यवस्थापकाच्या हुद्द्यावरचा माणूस तर 'कामगार' या व्याख्येतच बसत नाही.

२०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली, तेव्हा मी नोकरीत होतो. तिच्यातही खटकणारे पुष्कळ होते. पण अर्ज घरी नेता येत होता. बायकोशी बोलायला, मुलीच्या लग्नाचा आणि घराच्या हप्त्यांचा हिशेब मांडायला चार दिवस मिळत होते. कुणी सही केली, कुणी अर्ज फाडून टाकला. निर्णयात आपला हात होता, एवढे समाधान दोघांनाही होते.

सल्लामसलतीने प्रत्येक नोकरी वाचते असे नाही. पण कधी कामाचे तास वाटून घेता येतात, कधी निवृत्तीला आलेला एखादा आपणहून बाजूला होतो, कधी दुसऱ्या विभागात जागा निघते. हे मार्ग साहेबांच्या कागदावर नसतात. ते काम करणाऱ्यांनाच ठाऊक असतात. म्हणून त्यांना विचारायचे, आणि विचारायचे ते निर्णय होण्याआधी.