यंत्राचे मूत्रपिंड आणि पथ्याची वाट

म्हैसूरच्या देवराज बाजारात नंजनगूडची रसबाळे केळी विकावयास येतात. निरोगी माणसास हे पौष्टिक फळ. परंतु ज्याची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत, त्याला त्यातील पोटॅशियम घातक ठरू शकते. ते बाहेर टाकणारे इंद्रियच थकलेले असते, आणि रक्तात ते साचले म्हणजे हृदयाची लय बिघडते. शहाळ्याची गोष्टही तीच.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यापैकी दीड लिटर तेवढे मूत्ररूपाने बाहेर जाते, बाकीचे शरीरास परत मिळते. मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब यांमुळे या गाळण्या वर्षानुवर्षे झिजत राहतात, आणि झिजताना दुखत नाहीत. म्हणून रोग उमगतो तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

मग डॉक्टर ‘डायालिसिस’ हा शब्द उच्चारतात. आपल्या परिभाषेत त्यास अपोहन म्हणतात. अपोह म्हणजे दूर सारणे, आणि शब्द अगदी नेमका बसला आहे. 1943 साली जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने सॉसेजच्या आवरणासाठी मिळणारी सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिले उपयुक्त कृत्रिम मूत्रपिंड बनविले. त्याचे पहिले रुग्ण बहुतेक दगावले. 1945 मध्ये एक वृद्धा वाचली. आजच्या यंत्रात एका बैठकीस सुमारे 120 लिटर शुद्ध पाणी लागते. बैठक चार तासांची, आणि आठवड्यातून तीनदा. इतके करूनही निरोगी मूत्रपिंडांच्या कामाचा लहानसा अंशच भरून निघतो. पथ्य सुटत नाही.

तरीही या यंत्राने काय साधते, हे जयप्रकाश नारायण यांच्या उदाहरणावरून दिसते. 1975 च्या अखेरीस तुरुंगातून सुटल्यावर त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे आढळले आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर अपोहन सुरू झाले. तेव्हा ते 73 वर्षांचे होते. 6 फेब्रुवारी 1977 रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर ते सभेपुढे उभे राहिले, ते या उपचाराच्या बळावर. 8 ऑक्टोबर 1979 रोजी पाटण्यास त्यांचे निधन झाले. जवळजवळ चार वर्षे लाभली. ती त्यांना हवी होती, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

सर्वांचा हिशेब असाच जुळत नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका अभ्यासात 75 वर्षांवरील रुग्णांची तुलना केली होती. एकंदरीत अपोहन घेणारे अधिक जगले. परंतु ज्यांना हृदयविकारासारखे इतर गंभीर आजार होते, त्यांच्यात हा लाभ जवळजवळ उरला नाही. अमेरिकेतील वृद्धाश्रमांत राहणाऱ्या 3,702 रुग्णांची पाहणी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. अपोहन सुरू झाल्यावर वर्षभरात त्यांपैकी 58 टक्के मरण पावले, आणि पूर्वीइतके हिंडतेफिरते राहिले ते अवघे 13 टक्के.

अशा रुग्णांसाठी दुसरी वाट आहे ती यंत्राविना उपचारांची. तिला ‘काही न करणे’ म्हणणे हा मोठाच गैरसमज होय. तीत रक्तदाब आवरतात, सूज व धाप मूत्रल औषधांनी कमी करतात, रक्तक्षयावर लोह आणि सुया देतात, खाज, मळमळ, वेदना यांवर उपाय करतात. मीठ मोजून देतात. मूत्रपिंडांत थोडी धुगधुगी असेल तर कित्येक महिने, क्वचित वर्षाहूनही अधिक काळ असा जातो. अखेर जवळ आली म्हणजे पथ्यही सैल करतात; नंजनगूडच्या केळ्याचा एखादा तुकडा तेव्हा नाकारीत नाहीत.

2016 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय योजनेमुळे दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत अपोहन विनामूल्य मिळू लागले. पण यंत्र फुकट मिळाले तरी बसचे भाडे फुकट नसते, आणि आठवड्यातून तीनदा सोबत येणाऱ्या मुलाची वा सुनेची मजुरी बुडतेच. हे आकडे कोणत्याही शोधनिबंधापेक्षा घरात अधिक बोलतात. गंमत अशी, की सारे घर यावर खल करते आणि आजोबांना मात्र कोणी विचारीत नाही.

पहिला निर्णय कायमचा मानण्याचेही कारण नाही. काही डॉक्टर एक-दोन महिने अपोहन करून पाहावे आणि मग रुग्णाबरोबर पुन्हा बसावे, असे सुचवितात. थांबावयाचे ठरलेच, तर लघवी पूर्ण बंद असलेल्या रुग्णापाशी बहुधा आठवडाभराचाच अवधी उरतो. म्हणून ही गोष्ट शुद्ध हरपण्यापूर्वी, त्याच्याच तोंडून ऐकून ठेवावी लागते.