क्रीडोपचार : अस्वस्थ बालकांना समजून घेण्याची वाट

चर्चमधील घंटानाद वा ध्वनिक्षेपकाचा आवाज येताच काही मुले कान घट्ट झाकून घेतात. काहींना नव्या कपड्यांची शिवण सोसवत नाही, केसांना कुणी हात लावलेला चालत नाही. काही मुले मात्र अखंड उड्या मारतात आणि दिसेल त्या वस्तूशी झोंबतात. अशा मुलांना आपण 'हट्टी' ठरवितो आणि आईवडिलांनी वळण लावले नाही, असा ठपका ठेवून मोकळे होतो. हा निवाडा घाईचा आहे, असे आम्हांस नम्रपणे सुचवावेसे वाटते.

पंचेंद्रियांखेरीज अंतर्कर्णातून तोल व गती यांची, तर स्नायू व सांधे यांतून शरीराच्या स्थितीची जाणीव मेंदूला होत असते. या सर्व संवेदनांचा मेळ बसला की मूल लक्ष देऊ शकते, स्वतःला आवरू शकते. तो बसला नाही, तर कुणाला साधा आवाजही असह्य होतो आणि कुणाला तीव्र संवेदनाही अपुरी पडते. अमेरिकेतील व्यवसायोपचार तज्ज्ञ ए. जीन एअर्स यांनी हा विचार पद्धतशीरपणे मांडला. त्यांचा याविषयीचा ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला.

एअर्स यांच्या पद्धतीत उपचाराचे साधन खेळ हेच असते. झोपाळा, दोर, घसरगुंडी, धान्याने भरलेले डबे यांतून मूल स्वतः निवड करते. ते खेळणे त्याला झेपेल, तरीही त्याची थोडी कसोटी लागेल, एवढी काळजी तज्ज्ञ घेतात. मानसोपचारातील क्रीडोपचार ही याहून वेगळी शाखा आहे. व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांच्या १९४७ सालच्या ग्रंथाने ती रुजविली. येथे बाहुल्या, माती व रंग यांच्या द्वारे मूल शब्दांत न मावणारी भीती किंवा राग प्रकट करते. उपचारक उपदेश करीत नाही. तो मुलाच्या कलाने जातो आणि त्याच्या भावनेला नाव देतो, परंतु इजा होऊ देत नाही.

घरीही पुष्कळ करता येते. कणीक मळणे, पाण्याची लहान बादली वाहून नेणे, संथ झोके घेणे यांमुळे अनेक मुले निवळतात. 'स्टॅच्यू' व संगीत खुर्ची या खेळांत मूल हसतहसत थांबायला शिकते. मात्र ज्या स्पर्शाची वा आवाजाची भीती वाटते, त्याची सक्ती करू नये.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली या त्रासाला स्वतंत्र निदान मानू नये, असे सुचविले आणि अशा उपचारांचा पुरावा मर्यादित असल्याचे नमूद केले. स्वमग्नतेच्या निकषांत मात्र २०१३ पासून संवेदनांच्या तक्रारींचा समावेश आहे. म्हणून 'हमखास बरे करतो' असे सांगणाऱ्यांच्या मागे न लागता प्रथम बालरोगतज्ज्ञांकडून मुलाचे कान, डोळे व विकास तपासून घ्यावेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची तरतूद असून त्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभारण्यात आली आहेत.

आता धर्मग्रामाकडे वळू. लोकांच्या नजरा सोसवत नाहीत म्हणून एखादे कुटुंब मिस्साला येणेच सोडून देते, तेव्हा ती हानी केवळ त्या कुटुंबाची नसते. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हॅटिकनमधील सार्वजनिक भेटीच्या वेळी बोलू न शकणारा एक लहान मुलगा व्यासपीठावर जाऊन खेळू लागला. त्याला तसेच खेळू द्यावे, असे पोप फ्रान्सिस यांनी सांगितले आणि उपस्थितांना त्या मुलाच्या मोकळेपणावर विचार करण्यास लावले. धर्मशिक्षणाविषयीच्या २०२० सालच्या मार्गदर्शिकेत दिव्यांगांना संस्कार नाकारता येत नाहीत, असे स्पष्ट म्हटले आहे.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. ध्वनिक्षेपकापासून दूर, दाराजवळ एक बाक राखून ठेवता येईल. कान झाकण्याचे साधन वा हाती धरण्याजोगे एखादे खेळणे आणण्यास मुभा देता येईल. धर्मशिक्षकांना आईवडिलांशी आधी बोलून घेता येईल. शिष्यांनी अडविलेल्या बालकांना प्रभू येशूने जवळ बोलाविले व आशीर्वाद दिला. त्या बालकांनी आधी शांत बसून दाखवावे, अशी अट त्याने घातली नव्हती.