जमिनीचे रंग

आज आम्ही न्यूझीलंडच्या एका चित्रकर्तीची ओळख करून देणार आहोत. त्यांचं नाव एमिली काराका. जन्म १९५२चा, ऑकलंडचा. त्या माओरी आहेत. गोरे लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून माओरी त्या बेटांवर राहत आले आहेत. एमिलीताई चित्रकला बहुतेक स्वतःच्या स्वतःच शिकल्या.

माओरी लोक आपल्या सभागृहाला पूर्वजाचं शरीर मानतात. आढं म्हणजे त्याचा कणा, वासे म्हणजे बरगड्या. खांबांवर कोरीवकाम असतं, वाशांवर लाल, काळी, पांढरी वळणदार नक्षी असते. म्हणजे तिथली कला नुसती शोभेची नाही, ती घराण्याची आठवण आहे.

दुसरीकडे, युरोप-अमेरिकेत गेल्या शतकात अमूर्त चित्रं काढली जाऊ लागली. त्यांत झाड, माणूस ओळखू यावा असा हट्ट नसतो. रंग आणि रेषाच राग, दुःख, आनंद सांगतात. एमिलीताईंनी या दोन्ही वाटा एकत्र आणल्या. भडक रंगांचे जाड फटकारे, त्यांत माओरी खुणा, आणि चक्क चित्रावरच लिहिलेले शब्द.

हे शब्द कशासाठी? त्याचं मूळ एका करारात आहे. ६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइतांगी इथे इंग्रज आणि माओरी प्रमुख यांच्यात करार झाला. पुढे गावोगाव सह्या घेतल्या गेल्या. सुमारे ५०० प्रमुखांनी सह्या केल्या, त्यांत काही स्त्रियाही होत्या. पण कराराचे मजकूर दोन होते. इंग्रजीत लिहिलं होतं की सगळी सत्ता राणीला दिली. माओरीत मात्र कारभार राणीचा, पण जमीन आणि गावावरचा अधिकार आपलाच, असं होतं. बहुतेकांनी माओरी मजकुरावरच सही केली होती. तरी पुढच्या काळात बहुतेक जमीन हातची गेली.

एमिलीताईंची अनेक चित्रं याच कराराबद्दल आणि जमिनीबद्दल आहेत. ऑकलंडच्या ज्वालामुखी टेकड्याही त्यांनी रंगवल्या. माओरींना या टेकड्या पूर्वजांसारख्या. २०१४ साली कायदा होऊन त्यांतल्या १४ टेकड्यांची मालकी माओरी कुळांकडे परत आली. हे चित्रांमुळे झालं असं नाही, त्यामागे अनेकांचा अनेक वर्षांचा लढा होता. पण काय गेलं, हे विसरू न देण्याचं काम चित्रांनी केलं.

सख्यांनो, सही करण्याआधी कागद आपल्या भाषेत वाचून घ्यावा, हे आपण गटात नेहमी बोलतो. दूरदेशीची ही बाई तेच रंगांतून सांगते आहे.